दाराला टांगलेली पाटी

दुबईत रास अल खोरच्या आमच्या गोदामात फरशीचा नि छपराचा दगड यायचा. सत्त्याण्णवच्या दसऱ्याला मी तिथे स्टोअरकीपर होतो. कटिंग मशीनला, फोर्कलिफ्टला झेंडूचे हार घालून झाले, पण पाटीपूजनाला पाटी कुठून आणायची? मॅकफेल साहेबांच्या केबिनमध्ये एक काळी लादी होती. तिच्यावर पेन्सिलीने काहीतरी गिरगटलेलं होतं. सॅम्पल असणार, हे माझं मीच ठरवून टाकलं. विचारायला तोंड होतं, पण उत्साह जास्त होता. ओल्या फडक्याने लादी लख्ख पुसली, एकच्या आकड्यांची सरस्वती काढली आणि हळदकुंकू वाहिलं.

ऑफिसातला वसईचा स्टॅनली ते बघून मटकन खुर्चीत बसला.

"गुणवंत, ती साहेबांच्या मदरची स्लेट होती रे. लास्ट मंथ फ्युनरलला गेले होते ना, तेव्हा आणली."

साहेबांचं गाव म्हणजे स्कॉटलंडचं साठेक माणसांचं बेट. पूर्वी तिथे याच दगडाच्या खाणी होत्या, आता त्यांत समुद्र भरलाय. होडीने पलीकडे जाताना आई पाटीवर निरोप लिहून दाराला टांगायची. शेवटची ती हॉस्पिटलात गेली, ती परतलीच नाही. साहेब दुबईहून पोचले तेव्हा दारावर ही पाटी होती. हे सगळं स्टॅनलीनेच सांगितलं. नोकरी गेली तर दुसरी बघता येईल, पण पुसलेलं अक्षर कुठून आणू?

साहेबांना कामापुरतं हिंदी कळायचं. ते आल्याबरोबर मी सांगून टाकलं. "सर, मैंने साफ किया. पूजा के लिए. मेरी गलती है."

त्यांनी पाटी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली. जुनं काहीच उरलं नव्हतं. मग सरस्वतीवर बोट ठेवून म्हणाले, "व्हॉट इज धिस?"

"गॉडेस, सर. लिखना-पढना सिखाती है."

पाटी घेऊन ते केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी केबिनच्या बंद दाराला पाटी टांगलेली होती. सरस्वती तशीच होती. खाली साहेबांनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांचं धावतं अक्षर मला लागत नाही, म्हणून स्टॅनलीला बोलावलं.

"मदरचा तोच मेसेज," तो म्हणाला. "दार उघडं आहे. आत ये, चहा करून घे."

मी बूट काढले. तरी बराच वेळ बाहेरच उभा होतो.