चाल शिकवणारे पुस्तक

मी एक जुने, जाडजूड पुस्तक आहे. माझ्या पाठीचा डिंक सुटला आहे, पहिली सोळा पाने केव्हाच गळून गेली आहेत आणि मुखपृष्ठावर प्लॅस्टरचे पांढरे डाग आहेत. संगणकावर त्रिमितीय माणूस कसा घडवावा आणि त्याला कसे हलवावे, हे मी शिकवते. म्हणजे एके काळी शिकवत होते. मित्रांनो, त्रिमितीय माणूस पडद्यावर असला तरी त्याच्या पाठीमागे जाऊन त्याला पाहता येते. आधी एक चौकोनी ठोकळा घ्यायचा, त्याला ओढून ताणून डोके, धड, हातपाय काढायचे, मग आत हाडे बसवायची आणि शेवटी त्याला चालते करायचे. एवढे सांगायला मला सहाशे चाळीस पाने लागली.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. माझ्यासारखी दोन हजार भावंडे एकाच दिवसात कापून, चिकटवून तयार झाली. पण माझ्या दोनशे बाराव्या पानावर एक शब्द चुकला होता. चूक ध्यानात आली तोवर आम्ही छापून मोकळे झालो होतो, म्हणून प्रत्येकाच्या पोटात दुरुस्तीची एक लहानशी चिठ्ठी सरकवण्यात आली. माझी चिठ्ठी दुकानात गठ्ठा सोडताना खाली पडली आणि केरात गेली. मला ते कळले होते. पण पुस्तकाला छापलेले सोडून दुसरे काहीच बोलता येत नाही.

दुकानात मी तीन वर्षे होते. माझ्या एका बाजूला केक करायला शिकवणारे पुस्तक होते आणि दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षांचे. ती दोन्ही हातोहात जात आणि त्यांच्या जागी नवी येत. मला लोक उचलत, वजनाचा अंदाज घेत आणि परत ठेवत. उन्हाने माझ्या पाठीवरची निळी अक्षरे पांढुरकी झाली.

एके दिवशी चाळिशीचा एक माणूस आला. त्याच्या नखांत प्लॅस्टर होते. त्याने मला मधूनच उघडले. तिथे एका चालणाऱ्या माणसाची ओळीने आठ चित्रे होती. तो ती बराच वेळ पाहत राहिला आणि मग दुकानदाराला म्हणाला, की हा माणूस उजव्या पायावर भार कमी टाकतोय. दुकानदार म्हणाला, "मग घेऊन जा की त्याला. बरा करा."

हा माणूस कृत्रिम पाय बनवणारा कारागीर होता. उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी तो घडवायचा. आधी प्लॅस्टरचा साचा, मग कानस, मग पुन्हा कानस. पाय बसवला की तो त्या माणसाला दोन दांड्यांच्या मधून चालवायचा आणि खाली वाकून त्याच्या पावलांकडे बघत बसायचा. बारा वर्षे त्याने माणसांचे चेहरे कमी आणि पावले जास्त पाहिली होती. कार्यशाळेतले काम दरवर्षी कमी होत चालले होते. चालणे हीच एक गोष्ट आपल्याला कळते, तेव्हा त्याच्यावर पोट भरण्याची दुसरी वाट शोधावी, असे त्याच्या मनाने घेतले होते.

घरी त्याची आई होती आणि धाकटी बहीण होती. बहिणीला सगळे ठकी म्हणत, कारण लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी डोळे उघडे ठेवून तासन्‌तास बसून राहायची. ती अकरा वर्षांची असताना मालाच्या गाडीखाली तिचा डावा पाय मांडीपासून गेला. भाऊ या धंद्यात शिरला तो त्यामुळेच. आता ठकी एका औषधांच्या दुकानात हिशेबाला बसायची आणि भावाने केलेल्या पायावर रोज जाऊन येऊन दीड कोस चालायची.

त्याने जुना संगणक आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवला. रोज कामावर जाण्याआधी दोन तास आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत, असा त्याचा अभ्यास चाले. मी त्याच्या डाव्या हाताला उघडी असे. ती वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. तो माझ्यातले प्रत्येक वाक्य बोट ठेवून वाचायचा. संगणक मात्र रडतखडत चालायचा. एका सेकंदाचे चित्र तयार व्हायला त्याला पाऊण तास लागे आणि तेवढ्यात त्याची पेटी इतकी तापे, की आई तिच्यावर ओले मोजे वाळत घालायची. वर म्हणायची, की बाकीच्यांची पोरं चाळिशीत नातवंडांच्या गोष्टी करतात, आमचा बाहुल्या खेळतोय.

तो एक बाई घडवत होता. ठोकळ्यातून डोके काढायला त्याला तीन आठवडे लागले, हाताची बोटे काढायला दोन महिने. कान त्याला कधीच जमले नाहीत, म्हणून त्याने तिला डोक्यावरून रुमाल बांधला. मग हाडे बसवायची वेळ आली आणि तो दोनशे बाराव्या पानावर पोचला.

गुडघ्याचा सांधा सरळ रेषेच्या किंचित पुढे ठेवायचा असतो. तसा ठेवला म्हणजे पाय कोणत्या बाजूला दुमडायचा, हे संगणकाला कळते. माझ्यात 'पुढे'च्या जागी 'मागे' छापले होते. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. त्याला आली नाही, कारण त्याच्या धंद्यात गुडघा खरोखरच जरासा मागे ठेवतात. नाहीतर पाय भाराखाली दुमडतो आणि माणूस कोसळतो. पुस्तकाने तेच सांगितले, म्हणून त्याला उलट बरे वाटले. त्याची बाई पहिले पाऊल टाकायला गेली आणि तिचा गुडघा मागच्या बाजूला वाकला.

त्याने सगळे पुसून पहिल्यापासून केले. एकदा नाही, सात वेळा. पाच महिने गेले. चूक आपलीच असणार, आपले शिक्षण कमी पडते, असे तो आईला सांगायचा. मी त्याच्यासमोर उघडी पडून असायचे आणि रोज सकाळी त्याला तोच चुकीचा शब्द दाखवायचे. मित्रांनो, लाज म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकले.

एका सुटीच्या दिवशी ठकी चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. "दादा," ती म्हणाली, "ही बाई बगळ्यासारखी का चालते?"

"पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकाला पाय आहेत का?"

तो हसला नाही. पण ती गेल्यावर त्याने सांधा धरून केसभर पुढे सरकवला. बाईने पाऊल उचलले. गुडघा माणसासारखा वाकला. तो खुर्चीत मागे टेकला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसला. मग त्याने पेन्सिल घेऊन माझ्या समासात लिहिले, 'मागे नाही, पुढे.' त्या दिवसापासून तो मला थोडे कमी मानू लागला आणि मला त्याचा आनंद झाला.

त्यानंतर त्याला चाल सापडली. आधी ठकी कोणत्या पायावरचे वजन चोरते ते, मग तिचा खांदा कसा तेवढ्यापुरता वर जातो ते, असे करत त्याने तिची सगळी चाल त्या बाईच्या अंगात घातली. सहाव्या वर्षी अठ्ठेचाळीस सेकंदांचे चित्र पुरे झाले. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई भरलेली बादली घेऊन तीन पायऱ्या चढते, वर गेल्यावर बादली खाली ठेवते आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहते. बस, एवढेच. आईने ते पाहिले आणि त्या दिवसापासून मोजे दोरीवर वाळत घातले.

ते चित्र आणि मला पिशवीत घालून तो ऍनिमेशनच्या एका कंपनीत गेला. इस्त्रीचा सदरा घातला होता. परीक्षा घ्यायला पंचविशीची एक मुलगी बसली होती. तिने चित्र तीनदा पाहिले. तिसऱ्या वेळी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, की चाल खरी आहे. कुठे शिकलात, असे तिने विचारले तेव्हा त्याने मला मेजावर ठेवले. तिने मला उलटे करून माझ्या छपाईचे वर्ष पाहिले. ती मुलगी वाईट नव्हती. तिने आवाज खाली आणला.

"काका, हे सॉफ्टवेअर आता बंद झालंय. आणि चाली आम्ही हातानं करत नाही. खरी माणसं चालवतो, कॅमेरे टिपून घेतात."

त्याने मला परत पिशवीत घातले. मग तिने विचारले, ही चाल कुणाची. तो म्हणाला, बहिणीची.

दोन आठवड्यांनी कंपनीचा फोन आला. तो हात पुसत धावला. फोनवर तो बराच वेळ नुसता हो हो म्हणत होता आणि शेवटी त्याने एक नंबर सांगितला. तो ठकीचा होता. त्यांना पडद्यावर एक जखमी शिपाई चालवायचा होता आणि त्यासाठी लंगडणारे माणूस हवे होते. ठकीने विचारले, "जाऊ का?" तो म्हणाला, "जा. चांगली माणसं आहेत."

ती एक दिवस जाऊन आली. अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवलेले काळे कपडे घालून तिने एका मोकळ्या खोलीत चाळीस वेळा इकडून तिकडे चालून दाखवले होते. हे सगळे तिने जेवताना सांगितले. सांगताना भावाकडे पाहिले नाही.

"मी त्यांना सांगितलं, दादा. हा पाय माझ्या भावानं केलाय म्हटलं."

"मग?"

"छान, म्हणाले. आणि परत चाला म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने संगणक सुरू केला नाही, त्यानंतरही नाही. महिनाभराने भंगारवाला तो घेऊन गेला. माझ्यावर भाजीची परडी ठेवली जाऊ लागली. पुढे कार्यशाळेतली लाकडी फळी चिरली तेव्हा त्याला माझी आठवण झाली. नवा पाय किती उंच हवा, हे मोजायला आखूड पायाखाली काहीतरी ठेवावे लागते. माझी जाडी नेमकी त्या मापाची होती. अशी मी जमिनीवर आले. माणसे माझ्यावर उभी राहत, दांड्या घट्ट धरत आणि तो मागून त्यांच्या कंबरेची पातळी बघे. ज्याला मी माणूस चालवायला शिकवले, त्याच्याच हाताखाली मी पायपुसणे झाले. पण मला राग नव्हता. मी त्याच्याजवळ होते.

दोन वर्षांनी कार्यशाळेत एक यंत्र आले. पायावरून फिरवले की पायाचा आकार संगणकात उमटे आणि तो पडद्यावर फिरवून, दाबून, ओढून त्याची वाटी तयार करता येई. प्लॅस्टर नको, कानस नको. साहेबांनी चारही कारागिरांना बोलावले. तेव्हा एक म्हातारा गृहस्थ माप द्यायला माझ्यावर उभा होता, म्हणून कारागीर जागचा हलला नाही, तिथूनच ऐकत राहिला. साहेब म्हणाले, की यातलं ज्याला काही येत असेल त्याला मी ठेवून घेईन, बाकीच्यांचं माझ्या हातात नाही. मग त्यांनी एकेकाला विचारले. तिघांनी नकारार्थी माना हलवल्या.

"तुम्ही?"

त्याने खाली पाहिले. माझ्याकडे की म्हाताऱ्याच्या पावलाकडे, ते मला कळले नाही.

"मला नाही येत."

"थोडंसुद्धा नाही?"

"जुनं शिकलोय काहीतरी. आता चालत नाही ते."

साहेबांना त्यातले काही समजले नाही. ते पुढच्या कामाला लागले.

मित्रांनो, मी जे शिकवले ते खरेच इतके जुने झाले होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्यातली बटणे बदलली असतील. पण पडद्यावरच्या आकाराचा एक बिंदू धरून तो केसभर पुढे घ्यायचा की मागे, हे ओळखणारा डोळा काही सॉफ्टवेअरबरोबर बंद होत नाही. हे त्याला त्या क्षणी कुणीतरी सांगायला हवे होते.

शेवटच्या दिवशी ठकी त्याची अवजारे न्यायला मदतीला आली. नवा मुलगा काचेच्या खोलीत बसून पडद्यावर एक मांडी फिरवत होता. ती दारातच थांबली.

"दादा, हे तर तू घरी करायचास."

"हळू बोल," तो म्हणाला.

तिने पिशवीचे तोंड उघडून धरले. त्याने कानशी, पट्टी, प्लॅस्टरची सुरी असे एकेक पुसून पिशवीत घातले आणि दोघे निघाले. मी दांड्यांच्या मध्ये जमिनीवरच राहिले. नव्या यंत्राला माझी गरज नाही. झाडणारी बाई आता मला पायाने भिंतीकडे सारते आणि दिवसागणिक माझे एखादे पान कमी होते.

मला जपून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस झाले. पण तुमच्या घरात कुणी एकटेच बसून पुस्तकावरून काही शिकत असेल, तर कधीतरी त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही कळले नाही तरी बसा. त्याला काय येते, एवढे तरी तुम्हाला माहीत असू द्या. कधीतरी चार माणसांत त्याला कुणी विचारील आणि त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. तेव्हा त्याच्या वतीने कुणाला तरी बोलावे लागेल. त्या दिवशी कार्यशाळेत हे माहीत असलेली मी एकटीच होते, आणि माझ्यावर एक माणूस उभा होता.