उसनी हजेरी

"नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं अकराला येऊन बसतील. एवढी चहाची कुपनं त्यांना वाटून टाका," असं म्हणत विभागप्रमुखांनी कुपनांचा गठ्ठा ताईंच्या टेबलावर ठेवला. ताईंनी तो उचलला आणि त्यांच्याच हातात परत दिला.

"माझ्या वर्गात माझीच माणसं बसतील, सर. ती नसतील तर बाक रिकामे राहतील."

मी शेजारच्या टेबलावर होतो. असल्या वेळी मी मान खाली घालून कीबोर्ड बडवायला लागतो. उसनी मुलं गोळा करण्याचं काम कक्षात माझ्याकडेच होतं आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

आमचा कक्ष विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, गाड्यांच्या शेडला लागून. पदव्या पुढच्या दगडी इमारतीत मिळतात. आमच्याकडे मिळतात सुटे श्रेयांक. माणूस दिवसा पोटापाण्याचं काम करतो, संध्याकाळी आमचा एखादा छोटा अभ्यासक्रम करतो, आणि पुरेसे श्रेयांक साठले की त्याला पदवीच्या वर्गात थेट दार उघडतं. प्रवेशाला शिक्षणाची अट नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही चालतं. फक्त अभ्यासक्रम श्रेयांकांच्या लायकीचा आहे की नाही, हे दरवर्षी तपासणी समिती ठरवते. आणि समिती येते सकाळी, कार्यालयीन वेळेत, कारण नियम करणारे पाच वाजता घरी जातात.

आता संध्याकाळचे विद्यार्थी सकाळी आणायचे कुठून? म्हणून सगळेच कक्ष पदवीची मुलं उसनी आणून बाकांवर बसवतात. मागच्या वर्षी नळजोडणीच्या वर्गात मी तत्त्वज्ञानाची मुलं बसवली होती. पाना कुठून धरायचा हे एकालाही ठाऊक नव्हतं, तरी समितीने त्यांच्या चेहऱ्यावरच्या एकाग्रतेचं कौतुक केलं. समितीलाही सगळं कळतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो कारभार.

ताईंचा वर्ग होता वृद्धसेवेचा. घरोघरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बाया, दोन-चार पुरुषही, संध्याकाळी येऊन शिकायचे. ताईंच्या आईला शेवटच्या वर्षी जिने सांभाळलं, त्या बाईला आलागेला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. तेव्हापासून हा वर्ग ताईंच्या डोक्यात शिरला होता. टायपिस्ट म्हणून लागलेल्या ताई कारकुनाच्या पुढे कधी सरकल्या नाहीत, कारण मान हलवायची वेळ आली की त्यांची मान ताठ व्हायची. पुढच्या इमारतीत त्यांना खिळा म्हणत. पण हा वर्ग त्यांनी भांडून सुरू केला, स्वतःच शिकवायला घेतला आणि त्याला श्रेयांकही भांडूनच मिळवले.

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून पाहिलं, की सगळेच करतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय, तेवढ्यासाठी अडून बसू नका, श्रेयांक गेले तर तुमच्याच बायांचं नुकसान.

"माझ्या बाया दिवसभर लोकांचं हगणं-मुतणं काढून इथे येतात," ताई म्हणाल्या. "घरात त्यांना 'ती बाई' म्हणतात. त्यांचं स्वतःचं नाव फक्त इथे घेतलं जातं. त्या नावाला दुसऱ्या कुणी ओ दिलेली मी चालवून घेणार नाही."

अकराला समिती आली. अध्यक्षबाई, त्यांच्या मागे दोन सदस्य, त्यांच्या मागे घाम पुसणारे विभागप्रमुख आणि पाण्याच्या बाटल्या घेतलेला मी. वर्गात चिटपाखरू नव्हतं. ताई फळ्याजवळ उभ्या होत्या. समिती बसल्यावर त्यांनी हजेरीपट न उघडताच हजेरी सुरू केली, एकेका बाकाकडे हात करून.

"हा खिडकीजवळचा बाक. इथे बसणारी बाई आत्ता एका आजोबांची दाढी करत असेल. त्यांना वस्तरा दिसला की ते ओरडतात. म्हणून ती आधी स्वतःच्या गालाला फेस लावते, मग त्यांच्या. हा मागचा बाक. इथे बसणारा पूर्वी ट्रक चालवायचा. आता एका जाड्या गृहस्थांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवतो, आणि पाठ कशी वाचवायची ते त्याला या वर्गात कळलं. हा भिंतीकडचा. हिच्याकडच्या आजी रोज विचारतात, माझी आई कुठे गेली? पूर्वी ही सांगायची, आजी, तुमची आई कधीच वारली. मग त्या रोज नव्याने रडायच्या. आता ही सांगते, बाजारात गेली आहे, येईलच एवढ्यात."

एका सदस्याने चष्मा काढून पुसला. अध्यक्षबाईंनी मात्र घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की हे सगळं ठीक, पण तपासणीला विद्यार्थी डोळ्यांना दिसावे लागतात. ताई म्हणाल्या, संध्याकाळी सहाला या, दिसतील. बाई म्हणाल्या, तपासणी कार्यालयीन वेळेतच होते.

"मग चूक तुमच्या वेळेची आहे," ताई म्हणाल्या. "माझ्या हजेरीची नाही."

विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण हातातल्या बाटल्या पडल्या असत्या.

अहवाल दुसऱ्या दिवशीच आला. इतक्या तातडीने आमच्याकडे पगारही होत नाही. वर्गात एकही विद्यार्थी आढळला नाही, सबब अभ्यासक्रमाचे श्रेयांक स्थगित, अंतिम निर्णय विद्या परिषदेच्या बैठकीत. ताईंनी तो त्याच संध्याकाळी वर्गात वाचून दाखवला. मी दाराशी उभा होतो. ट्रकवाला नुसता हाताची बोटं मोडत राहिला. एकीने हळूच विचारलं की आत्तापर्यंतचे श्रेयांकही जाणार का. ताईंनी खोटा धीर दिला नाही. जातील, म्हणाल्या.

मग सगळ्यांत वयस्क विद्यार्थिनी बोलली. तिला सगळा वर्ग मावशी म्हणायचा.

"परिषद कधी बसते?"

"सोमवारी. अकराला."

"अकराला आमच्या आजींना उन्हात न्यायचंच असतं," मावशी म्हणाली आणि तिने वही उघडली. "चला, मॅडम. कालचा धडा अर्धा राहिलाय."

सोमवारी मी फायली घेऊन पुढच्या इमारतीत गेलो तर पायऱ्यांसमोर चाकाच्या खुर्च्यांची रांग लागलेली. खुर्च्यांत आजीआजोबा, कुणी टोपी घातलेलं, कुणी गुडघ्यांवर शाल घेतलेलं, आणि प्रत्येक खुर्चीमागे आमचा एकेक विद्यार्थी. कामावरची माणसं टाकून येता येत नाही म्हटल्यावर ती कामासकट आली होती. एकजण चमच्याने पेज भरवत होती, एकजण नखं कापत होती. ट्रकवाल्याने आपल्या जाड्या गृहस्थांना सावलीतल्या बाकावर बसवलं होतं आणि ते पहारेकऱ्याला राजकारण समजावत होते. घोषणा नाही, फलक नाही. पहारेकरी बिचारा हटवणार तरी कुणाला?

बैठक वरच्या मजल्यावर. खुर्च्या वर जाण्यासारख्या नव्हत्या, त्यामुळे परिषदच हळूहळू खिडक्यांशी आली, आणि मग एकेक करत जिन्यावर. कुलसचिव तणतणत खाली उतरले. त्यांनी सगळ्यांत पुढच्या खुर्चीतल्या आजींना विचारलं की आपण कोण आणि आपलं इथे काय काम. त्या मावशीच्या आजी होत्या.

"मी हिचं प्रात्यक्षिक," आजी म्हणाल्या. "तपासायचं असेल तर तपासा, नाहीतर उन्हातून बाजूला व्हा."

जिन्यावर कुणीतरी फसकन हसलं. समितीच्या अध्यक्षबाईही परिषदेवर होत्या; त्या हसल्या नाहीत. त्या खालच्या पायरीपर्यंत आल्या आणि बराच वेळ मावशीचे हात बघत उभ्या राहिल्या. मावशी आजींचे मोजे बदलत होती, टाचेखाली बोट घालून, सुरकुती राहू न देता.

त्या दिवशी परिषदेने ठरवलं की तपासणी पुन्हा होईल आणि संध्याकाळी होईल. विद्यापीठाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. पण कुलसचिवांना 'उन्हातून बाजूला व्हा' पचलं नाही. कुणावर तरी ते निघायचंच होतं. खरं तर सगळ्यांना बोलावलं मावशीने. ताई त्या दिवशी टेबल सोडून हललेल्याही नव्हत्या. पण मावशीची बदली करता येत नव्हती. ताईंची परीक्षा विभागात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या तळघरात बदली झाली. आदेशात लिहिलं होतं की वृद्धसेवेच्या अभ्यासक्रमाचं कोणतंही कामकाज त्यांनी यापुढे पाहू नये. वर्ग माझ्याकडे आला.

मला फार वाईट वाटलं. ताईंनी रोपाला घालावं तसं त्या वर्गाला वर्षानुवर्षं पाणी घातलं होतं, आणि फळ दाखवायच्या दिवशी त्यांनाच कुंपणाबाहेर काढलं होतं. मी तसं बोललोही. ताई म्हणाल्या, "रडगाणं पुरे. प्रवेशाचा अर्ज दे."

"कुणाला?"

"मला."

त्यांनी माझ्या टेबलासमोर उभ्या-उभ्याच अर्ज भरला. अठरा वर्षं पूर्ण आहेत का, या रकान्याशी थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि 'होय' असं ठसठशीत लिहिलं. मी शिक्का मारला. नियमात बसत होतं. विभागप्रमुखांनी अर्ज बघितला, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. आयुष्यातली त्यांची तेवढीच सही मला आवडली.

तपासणीच्या संध्याकाळी दिवे लागले, बाक भरले. कामावरून थेट आलेल्या माणसांच्या अंगाला जंतुनाशकाचा आणि साबणाचा वास होता. अध्यक्षबाई बाजूच्या खुर्चीवर बसल्या, त्यांच्या शेजारी कुलसचिव. मी हजेरीपट उघडला. खिडकीजवळच्या बाकाने ओ दिली, ट्रकवाल्याने दिली, भिंतीकडच्या बाकाने दिली. मावशीने तर उभं राहून दिली.

पटावरचं शेवटचं नाव शाईने नुकतंच लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. कुलसचिवांनी मान वळवली. शेवटच्या बाकावर मावशीने जरा सरकून जागा केली होती आणि तिथे ताई बसल्या होत्या, समोर कोरी वही, वहीवर टोक केलेली पेन्सिल.

"हजर," ताई म्हणाल्या.

मी नावापुढे खूण केली आणि धडा सुरू केला.