डब्यात पडलेला पाऊण

मी पाऊण बोलतोय. शून्य पूर्णांक पंचाहत्तर. अंगापिंडानं लहान, म्हणून भित्राही.

माझा जन्म औषधाच्या पंपात झाला. नवजात बाळांच्या वॉर्डात एक प्रोग्रामर बाई नव्या पंपाची चाचणी घेत होत्या. बाळाचं वजन टाकायचं, जितके किलो त्याच्या निम्मे मिलीलिटर औषध तासाला नळीतून जायचं. बाई आपल्या नेहमी दोन नाहीतर चार किलोचं बाळ टाकायच्या. उत्तर एक, नाहीतर दोन. सगळं झकास!

त्यांच्या वहिनी तिथंच नर्स. त्या म्हणाल्या, "काय वन्सं, तुझी बाळं भारीच गुबगुबीत! आतलं दीड किलोचं आहे, ते टाक की."

दीड टाकलं आणि मी जन्मलो. डोळे उघडतोय तोच खाली प्रोग्रामातला, उत्तर ठेवायचा डबा दिसला. पूर्णांकांचा!

दशांशाच्या डब्यात पूर्णांक गेला तर त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. उलट टिंब लावून ऐटीत मिरवतो. आम्ही पूर्णांकाच्या डब्यात पडलो, की टिंबापुढचं सगळं छाटतात. माझे एक काका एक व्हायला जराशानंच कमी होते हो, त्यांचंही शून्यच झालं! आणि हे सगळं गुपचूप. प्रोग्राम साधं खाकरतही नाही.

मी पडलो. खच्च! शून्य.

पंपावर हिरवा दिवा लागला.

"चालू झाला," बाई म्हणाल्या.

वहिनींनी नळी उचलली. काचेपलीकडे ते बाळ, मुठी आवळून. मला ओरडायचं होतं, पण शून्याला कसला आवाज?

वहिनींनी नळीचं टोक तळव्यावर धरलं. "अगं, कोरडं आहे हे."

"दिवा हिरवा आहे ना?"

"मग काय, दिवा पाजू त्याला?"

बाईंनी प्रोग्राम उघडला. चेहरा पांढराफटक. "वेग पूर्णांकात ठेवलाय मी..." घाईघाईनं त्यांनी डबा बदलला. मी पुन्हा जन्मलो, टिंबासकट, अख्खा. बऱ्याच वेळानं तळव्यावर थेंब टपकला.

मी श्वास सोडणार, तोच वहिनी पुटपुटल्या, "काल तू ठीक म्हणालीस, म्हणून पलीकडच्या खोलीत एक पंप लावलाय गं. सव्वा किलोच्या बाळाला."

बायांनो, माझ्याकडे काय बघता? धावा! तिथं हिरव्या दिव्याखाली माझा धाकटा भाऊ शून्य होऊन पडलाय.