पाच सेंटिमीटर कमी

गेली एकतीस वर्षं माद्रिदच्या संग्रहालयात बसून मी जुन्या उस्ताद चित्रकारांच्या चित्रांच्या नकला करते आहे. नियम एकच, पण कडक: नक्कल मूळ चित्रापेक्षा दोन्ही बाजूंनी पाच सेंटिमीटर कमी हवी. बाहेर पडताना रखवालदार टेपने मोजतो आणि कॅनव्हासच्या पाठीवर 'नक्कल' असा शिक्का मारतो. सत्ताविसाव्या दालनातल्या चित्रातली म्हातारी तर मी डोळे मिटूनही काढली असती. माज होता मला त्याचा.

आई आजारी पडली तेव्हा म्हणाली, "कासिल्दा, परक्यांच्या म्हाताऱ्या पुरे झाल्या आता. एकदा मला काढ. आणि ही बोटं आहेत तशीच काढ हं, लाजू नकोस."

हॉटेलांच्या चादरी पिळून पिळून तिची बोटं वाकली होती. दोन महिने ती समोर खुर्चीत बसली. फोटोचा तिला तिटकारा, त्यामुळे घरात तिचा एकही नाही. मार्चमध्ये ती गेली. उरलं हे चित्र, उभ्या जन्मात मी काढलेलं माझं असं एकच.

रखवालदार वेनान्सियोला दाखवायला म्हणून मी ते संग्रहालयात नेलं. आई दर रविवारी त्याच्यासाठी बटाट्याचं ऑम्लेट न्यायची. तो तिला मावशी म्हणायचा.

"वा, बाई! सत्तावीसमधली म्हातारी ना? आजवरची सगळ्यात भारी जमलीय."

"डोळे फुटले का रे तुझे? आई आहे ती माझी!"

तो चित्राजवळ वाकला. मग चाचरत म्हणाला, "मावशीचा डोळा असा अर्धवट मिटलेला नव्हता हो. आणि बोटं..."

मी पाहिलं. बोटं सरळ होती. लांबसडक, मांडीवर एकावर एक ठेवलेली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या चित्रकाराने काढलेली होती ती. दोन महिने आई माझ्यासमोर बसली आणि मी तिच्याकडे बघितलंच नाही. तिचं कुठलं बोट जास्त वाकडं होतं, डाव्या हाताचं की उजव्या? आठवेना.

"टेप लाव," मी म्हणाले.

"राहू द्या ना, बाई."

"लाव म्हणते ना!"

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. घरी, माझ्याच हाताने कापलेला कॅनव्हास सत्तावीसमधल्या मूळ चित्रापेक्षा दोन्ही बाजूंनी बरोबर पाच सेंटिमीटर कमी भरला.

वेनान्सियोने शिक्क्याला हात लावला नाही. मग तो मीच मारला.