हाराखालचा चिमटा

उपेंद्र खांबेटेच्या अंगावर मूठभर मांस चढलं ते बासष्ट साली. बेंगळुरातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्याने गिटारवर एक धून वाजवली आणि वादनाच्या स्पर्धेत पहिला नंबर पटकावला. गिटार एकच, पण मागे कुणीतरी तंबोरा धरून बसलंय असा षड्ज-पंचम सारखा घुमत होता. चिकपेटेतले कापडवाले काय, कारखान्यातले इंजिनिअर काय, सगळ्यांच्या माना डोलल्या.

त्यातली गोम अगदी साधी होती. गिटारच्या मानेवर आडवा आवळायचा एक चिमटा असतो, त्याला कापो म्हणतात. अख्खा चिमटा सहाही तारा दाबतो. उपेंद्रने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कानशीने घासून तो निम्मा केला होता. मग तो दुसऱ्या पडद्यावर मधल्या तीनच तारा दाबायचा आणि बाकीच्या तीन मोकळ्या सोडायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, तारा कुठल्याशा निराळ्याच सुरांत लावल्यात. बोटं मात्र आपली रोजच्याच जागी. मंडळात वाजवण्याआधी वाद्याची पूजा करायची रीत होती. त्या वेळी गिटारला घातलेला झेंडूचा हार उपेंद्रने काढलाच नाही. चिमटा हाराखाली झाकून गेला आणि लोक म्हणाले, पोरगा भाविक आहे हो!

इथवर पाप काहीच नव्हतं. चिमटा लावणं हा काही गुन्हा नाही. पण नंतर मंडळाचे चिटणीस फत्तेसिंग मोहिते जवळ आले. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं.

"काय उपेंद्रअण्णा, तारा वेगळ्या लावल्या होत्या काय?"

उपेंद्रने होकारार्थी मान हलवली.

"लई अवघड असतंय म्हणे ते. सगळी बोटं नव्यानं शिकायला लागतात."

त्याने त्यालाही मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं असं थोडंच आहे? पुढे वर्षभर जो तो त्याला त्या तारांबद्दल विचारायचा आणि उपेंद्र असा काही गंभीर चेहरा करायचा, की विचारणारा ओशाळून गप्प व्हायचा.

धाकटी बहीण प्रतिमा मात्र ओशाळणाऱ्यांतली नव्हती. "अण्णा, मला शिकव ना ते तारा लावणं," म्हणून ती मागेच लागली. आता आली का पंचाईत? "तुला नाही झेपायचं," असं म्हणून त्याने तिच्यासाठी तसाच निम्मा चिमटा घासून आणला. "हा लाव. खरं नव्हे, पण ऐकायला साधारण तसंच लागेल." आपल्या सख्ख्या बहिणीच्या हातात आपलीच युक्ती त्याने नक्कल म्हणून ठेवली, आणि तिने ती आनंदाने घेतली. कॉलेजातून आली की ती गिटार घेऊन बसायची. यंदा स्पर्धेत उतरायचंच, हे तिने ठरवून टाकलं होतं.

मंडळाची आणखी एक रीत होती. गेल्या वर्षी जो पहिला, तो यंदा परीक्षक.

प्रतिमाने पूजा झाल्यावर गिटारचा हार काढून बाजूला ठेवला, नमस्कार केला आणि सगळ्यांच्या देखत चिमटा आवळला. तिला लपवायचं कारणच काय? ती वाजवू लागली आणि पहिल्याच ओळीत उपेंद्रला कळून चुकलं, की पोरगी आपल्यापेक्षा सरस वाजवते आहे. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात फत्तेसिंग उठले.

"स्वल्प थांबा. तारांवर कायतरी आवळलंय की हिनं. हे चालतंय काय? उपेंद्रअण्णा, तुम्हीच सांगा. तुम्ही तर खऱ्या तारा लावून वाजवलंय."

सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला. 'चालतं, मीही हाच लावला होता.' एवढं म्हटलं की संपलं. वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण मग लोक विचारतील, वर्षभर माना कसल्या हलवत होतात? प्रतिमा मंचावर बसून निर्धास्त त्याच्याकडे बघत होती.

"नाही चालत," तो म्हणाला. "ही पळवाट झाली."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, याला म्हणतात न्याय, असं पुढच्या रांगेतलं कुणी मोठ्याने म्हणालं. प्रतिमा गिटार उचलून खाली उतरली. घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "बरं केलंस, अण्णा. तू नंबर दिला असतास, तर बहीण म्हणून दिला म्हणाले असते."

उपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर ती गिटार घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. चिमटा लावलेला नव्हता.

"मी विचार केला," ती म्हणाली. "चिमटा मधल्या तीन तारा चढवतो. म्हणजे बाकीच्या तीन तेवढ्याच उतरवल्या, की झालं. बघ, लावल्यात मी. आता तुझी धून वाजव. बोटं कुठे पडतात ते मला बघू दे. पुढच्या वर्षी मी खऱ्या तारांवर वाजवीन."

तिने बरोबर लावल्या होत्या. तारा मोकळ्या छेडल्या तेव्हा सुरेख घुमल्या. उपेंद्रने बोटं ठेवली, रोजच्या जागी. त्यांना दुसरी जागा माहीतच नव्हती. पण उतरवलेल्या तारा आता त्या जागी खालचा सूर देत होत्या. पहिलाच झंकार बेसूर आला. त्याने बोट सरकवलं, आणखी बिघडलं. त्याने पुन्हा सुरुवात केली. मग पुन्हा.

प्रतिमा आधी हसली. मग हसायची थांबली. ती त्याच्या बोटांकडे बघत होती, मग तोंडाकडे बघू लागली.

"या तारांवर तू कधी वाजवलंच नाहीस," ती हळूच म्हणाली. "तूही चिमटाच लावला होतास."

त्याने मान हलवली. या वेळी खरी.

माफी मागायची होती. चूक झाली म्हणायचं होतं. उद्या मंडळात जाऊन सगळं सांगतो म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, आणि निघता निघताच त्याची त्यालाच शिसारी आली.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

प्रतिमाने त्याच्या मांडीवरची गिटार उचलून घेतली.

"नाही सांगणार, अण्णा," ती म्हणाली. "तू माझा भाऊ आहेस, हे सांगताना मलाच लाज वाटेल."