मनुबाईच्या लेकीची हळद

दर रविवारी सकाळी सात वाजता अमिषाचं पत्र सहाशे बारा लोकांच्या ईमेलमध्ये जाऊन पडतं. कुणी सांगितलं नव्हतं तिला हे करायला. अलिबागच्या एका शाळेत गणित शिकवायचं, आणि घरी येऊन मिठागरांवर, खाजणातल्या पक्ष्यांवर, आगरी शब्दांवर दोन-अडीच पानं लिहून फुकट वाटायची, असला हा उद्योग. पण असे वेडे एकटे नसतात. श्रीवर्धनचा परेश दर मंगळवारी फक्त सुपारीवर लिहितो. पालीची सुचिता देवळाबाहेर लोक विसरून गेलेल्या चपलांवर लिहिते, आणि तिला नऊशे वाचक आहेत, बोला आता. हे तिघं एकमेकांचं इमानेइतबारे वाचतात आणि कुणाचा एखादा वाचक गळाला की त्या लिहिणाऱ्याची समजूत घालतात.

अमिषाच्या पत्राला खरा रंग चढला तो सखुबाईमुळे. सखुबाई तिची शेजारीण, गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला लग्नाची गाणी, म्हणजे धवले म्हणायचे, ते तिने. चाळीस वर्षं तिने हे केलं, आणि तिचा ताठा एकच. लग्नघरचं माणूस उंबऱ्याशी येऊन बोलावल्याशिवाय ती कुणाच्या मांडवात पाऊल टाकत नाही. धवल्याची ओळ एकीने म्हणायची आणि दुसरीने झेलायची, अशी रीत. झेलणारी आवडाबाई गेल्या साली वारली. तेव्हापासून सखुबाई दोघींचं एकटीच गाते.

मागच्या पावसाळ्यात अमिषाने तिला बसवून सगळे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले. एकच अडचण आली. धवल्यात नवरीचं आणि तिच्या आईचं नाव घालावं लागतं, आणि लग्नच नाही तर नाव कुणाचं घालणार? रिकामा धवला म्हणायला सखुबाईची जीभ रेटेना. शेवटी तिने अमिषाचंच नाव घातलं, आणि आई म्हणून अमिषाच्या वारलेल्या आईचं, मनुबाईचं. छत्तीस वर्षांची बिनलग्नाची अमिषा स्वतःच्या हळदीचं गाणं ऐकत बसली. आधी तिला हसू आलं, मग आईचं नाव आलं तेव्हा रडू आलं. ते सगळं तिने रेकॉर्डिंगसकट जसंच्या तसं पत्रात टाकलं, आणि वाचकांनी डोक्यावर घेतलं.

यंदा वैशाखात रेवदंड्याच्या वाटेवरच्या एका गावात प्राप्ती नावाच्या मुलीचं लग्न निघालं. प्राप्तीची आई राही, तिच्या लग्नात सखुबाईच गायली होती. तेव्हा बोलावणं येणार, हे ठरल्यासारखंच. हळदीच्या दिवशी सकाळी आठपासून सखुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओटीवर बसली. शाळेला सुट्टी होती, अमिषाने दोनदा चहा नेऊन दिला. गाडी येतच असेल, असं सखुबाई म्हणाली. बारा वाजले तरी कुणी आलं नाही आणि दुसरा चहा तसाच राहिला.

साडेबाराला अमिषाला ईमेल आला. लिहिणारी कल्पिता, नवरीची मावशी आणि पत्राची जुनी वाचक. बाईने अगदी मनापासून आभार मानले होते. घरात सखुबाईची आठवण निघाली होती म्हणे, पण आता वय झालं असेल, उगाच त्रास कशाला, असं ठरलं. तुमच्या पत्रातलं गाणं स्पीकरवर लावलं आणि कसं छान पार पडलं बघा. सोबत व्हिडिओ होता. पाटावर प्राप्ती, गालांना हळद, आणि मांडवभर सखुबाईचा आवाज अमिषाला हळद लावा म्हणतोय, मनुबाईच्या लेकीला हळद लावा म्हणतोय. बायका हसत होत्या, फोटो काढत होत्या. एक म्हातारी मात्र हळदीचा हात तसाच धरून इकडेतिकडे बघत होती, ही अमिषा कोण म्हणून.

भिंतीपलीकडे सखुबाई सकाळपासून नटून बसलेली, आणि तिला घरी बसवलं कुणी, तर तिच्यावर एवढ्या मायेने लिहिणारीने. गप्प राहणं सोपं होतं. सखुबाईला ईमेल कळत नाही, संध्याकाळी तिने निमूट लुगडं घडी करून ठेवलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण तेवढा निर्लज्जपणा अमिषाच्या अंगात नव्हता. ती गेली, पायरीवर बसली, सगळं सांगितलं आणि व्हिडिओ दाखवला.

सखुबाईने तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा बघताना तिचं तोंड एवढंसं झालं. अमिषा बोलणी खायच्या तयारीने बसली होती, पण दुसऱ्यांदा बघून झाल्यावर सखुबाईने भलतंच विचारलं.

"पोरीचा नाव कुनी घेतला?"

"कुणीच नाही घेतलं, मावशी."

"मंग तिला हलद लागलीच नाय."

आणि ती उठून चपला घालू लागली. त्यांनी बोलावलं नाहीये, हे अमिषाने भीत भीत तोंडातून काढलं. सखुबाई म्हणाली, "ठावं हाय मना." चाळीस वर्षांचा ताठा बाईने तिथे ओटीवर टाकला आणि रिक्षात जाऊन बसली.

तीनला दोघी पोचल्या. मांडवात संध्याकाळच्या हळदीसाठी, म्हणजे गावाला दाखवायच्या हळदीसाठी, डीजेचे खोके बांधणं चाललं होतं. सखुबाईला दारात बघून राहीचा चेहरा पांढराफटक पडला, ती माफी मागायला लागली. सखुबाईने तिला बोलूच दिलं नाही. स्वतःविषयी चकार शब्द काढला नाही, पोरीचं नाव घ्यायचं राहिलंय एवढंच सांगितलं. प्राप्तीला पुन्हा पाटावर बसवलं, बायका गोळा झाल्या. मग सखुबाईने अमिषाचा हात धरून तिला शेजारी बसवलं, झेलायला.

ओळ न् ओळ अमिषाने उतरवली होती, शब्द न् शब्द तपासला होता, पण जन्मात चार माणसांपुढे गायली नव्हती. मी फक्त लिहिते, मावशी, असं ती पुटपुटली.

"लिवलास तवा सगल्यांना दिलास," सखुबाई म्हणाली. "आता हिला दे."

पहिली ओळ झेलताना अमिषाचा आवाज फाटला. दुसरी बरी गेली. तिसरीला ती सखुबाईच्या मागून न जाता बरोबर चालू लागली. मग नावाची जागा आली आणि सखुबाई मुद्दाम थांबली. सगळ्या बायका अमिषाकडे बघत होत्या. तिने प्राप्तीचं नाव घेतलं. पुढे आईचं नाव. सवयीने मनुबाई तिच्या ओठांवर आलीच होती. तिने ते नाव गिळलं आणि राहीचं गायलं. राहीने पदर तोंडाला लावला, आणि व्हिडिओतल्या त्या म्हातारीने पुढे होऊन प्राप्तीला दोन्ही हातांनी हळद लावली.

त्या रविवारचं पत्र सगळ्यात छोटं होतं. रेकॉर्डिंग काढून टाकलं आहे आणि का काढलं, हे अमिषाने सरळ लिहिलं. दुपारपर्यंत एकोणीस वाचक गळाले आणि परेशचा समजूत घालणारा मेसेज आला. पत्राच्या तळाशी तिने लिहिलं होतं की धवले हवे असतील तर उंबऱ्याशी येऊन बोलवा, आम्ही येऊ. खाली दोन मोबाइल नंबर होते. वरचा सखुबाईचा, खालचा अमिषाचा.