तीनची बोट

माणसाच्या प्रत्येक वागण्याला कारण असतं, आणि ते कारण त्या वागण्याच्या आधी काय घडलं त्यात शोधायचं असतं. हे सत्य वर्तनतज्ज्ञ गुन्वोर स्लेत्तेन उभं आयुष्य सांगत आली होती. मागे पडद्यावर हिमनगाचं चित्र आणि समोर कॉफीच्या सुट्टीची वाट बघणारे कर्मचारी, अशा किती खोल्यांत तिने ते सांगितलं असेल, याला गणती नाही. सध्या मात्र ती केकचा दुसरा तुकडा खात होती आणि त्यामागचं कारण तिचं तिलाच सापडत नव्हतं. नेसविकच्या या घरी ती वर्षानुवर्षं येत होती, पण दुसरा तुकडा तिने कधी घेतला नव्हता.

केक बदामाचा होता, वर पिवळ्या क्रीमचा जाड थर. त्याला सगळे ‘यशाचा केक’ म्हणतात. तो मयतालाही चालतो, पण आज खरोखरच यश होतं.

“चार महिने झाले,” तूरिद म्हणाली. ती पालिकेच्या या घराची प्रमुख. घर म्हणजे एका छपराखाली सहा छोटी बिऱ्हाडं, मधे सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, आणि ज्यांना जगाशी जुळवून घेणं जमत नाही, किंवा जगाला ज्यांच्याशी जमत नाही, अशी सहा माणसं. “चार महिने ऑडवार एकदाही पळालेला नाही. एकदाही धरावं लागलेलं नाही. भिंतीवर बघ ना.”

भिंतीवर आलेख होता. हिवाळ्यात त्यात डोंगररांगा होत्या. फेब्रुवारीच्या मध्यावर रेघ खाली उतरली ती उतरली, आणि पुढे वारा पडलेल्या फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पाण्यासारखी सपाट पसरली.

“जिल्ह्याने बोलावलंय तुला,” तूरिद म्हणाली. “शरदातल्या परिषदेत सगळ्यांना सांगायचं, हे आपण कसं केलं. आणि तुझीच योजना आणखी तीन घरांत लावायची म्हणतात.”

“आपण नाही, हिने केलं,” स्टाइनार म्हणाला. तो इथला सगळ्यात जुना कर्मचारी. ऑडवारला दंडाला धरून परत आणण्याचं काम बहुतेक वेळा त्याच्याच वाट्याला आलं होतं, आणि त्यात त्याचा एक दात गेला होता. “मी फक्त दात दिला.”

“तुझा दात आधीच हलत होता,” तूरिद म्हणाली.

“म्हणून काय तो पालिकेचा होता का?”

ऑडवार त्रेपन्न वर्षांचा होता. खांदे रुंद, शब्द दहा-बारा. या घरात आल्यापासून तो रोज दुपारी धक्क्यावर जाई. तीनच्या बोटीचा भोंगा झाला की पिवळं जाकीट चढवायचं, उतारावरून खाली जायचं, धक्क्याची लोखंडी फळी जिथे बोटीला टेकते त्याच्या बाजूला उभं राहायचं. शेवटची गाडी चढली की हात वर करायचा. मग बोट सुटे. बोट त्याच्या हातामुळे सुटते असं त्याचं मत होतं, आणि बोटीवरच्या लोकांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. उलट कप्तान एक आखूड भोंगा देई. मग ऑडवार घरी येऊन जेवे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा तो मासळीच्या ट्रकसमोर हात वर करून उभा राहिला, कारण ट्रक रांग मोडून घुसत होता. ड्रायव्हरने तक्रार केली. तक्रार आली म्हणजे धोका आला, धोका आला म्हणजे योजना आली, आणि योजना म्हटली की गुन्वोर आली. दाराला गजर बसला. ऑडवार निघालाच तर दोघांनी धरायचं. थांबला, तर बोटीवर मिळे तसलं लोणी-साखर लावलेलं जाड धिरडं द्यायचं. असल्या सक्तीला सरकारची रीतसर परवानगी लागते, ती मिळाली. योजना सभ्य होती. गुन्वोरने धिरड्यात साखर किती हवी याचासुद्धा विचार केला होता. वर्षभर तीनच्या भोंग्याला ऑडवार दारावर डोकं आपटत राहिला, आणि मग फेब्रुवारीत थांबला.

“धिरडं आवडतंय ना त्याला अजून?” गुन्वोरने सहज विचारलं.

स्टाइनारने खांदे उडवले. “हात लावत नाही. मीच खातो. बघ ना पोट.”

“कधीपासून?”

“झाले की महिने. पण म्हणून त्रास काही नाही हं. घरातला सगळ्यात गुणी माणूस. खुर्चीत बसवलं की बसतो. उठवावं लागतं.”

गुन्वोरचा चमचा थांबला. बक्षीस नको असेल तर माणूस बक्षिसासाठी थांबत नाही. मग तो कशासाठी थांबला होता? हा प्रश्न तिने शिकाऊ पोरींना परीक्षेत घातला असता, आणि उत्तर आलं नसतं तर नापास केलं असतं.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते.

आणि तेव्हा तिला दुसऱ्या तुकड्याचं कारण सापडलं. इथली प्रत्येक बैठक आजवर एकाच तऱ्हेने संपत आली होती. भोंगा व्हायचा, ती अर्धी कॉफी टाकून उठायची, कोट एका बाहीत घालत गाडीकडे धावायची, कारण तीनची चुकली तर पुढची सहाला. आज तिला कुणी उठवलं नव्हतं. येताना ती समुद्राखालच्या नव्या बोगद्यातून पहिल्यांदाच आली होती, गाणं ऐकत, अर्धा तास वाचला म्हणून खुशीत.

“तूरिद,” ती म्हणाली, “बोट कधी बंद झाली?”

“बोगदा उघडला तेव्हा. फेब्रुवारीत.” तूरिदने उत्तर दिलं, आणि मग तिचीही मान हळूहळू भिंतीकडे वळली.

खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी कचऱ्याच्या डब्याशी झटत होता.

“आम्ही सगळे गेलो होतो उद्घाटनाला,” स्टाइनार शेवटी म्हणाला. “बँड होता. बोटीवरच्या लोकांचा सत्कार झाला. भाषणं, घड्याळं. कप्तान रडला.”

“आणि ऑडवार?”

“त्याला कसं नेणार? धक्क्यावर निरोपाची गर्दी. योजनेतच होतं, गर्दीच्या वेळी—”

“माहितीये योजनेत काय होतं ते,” गुन्वोर म्हणाली. “त्याला सांगितलं होतं का कुणी?”

तूरिदने बशी बाजूला सारली. ऑडवारच्या दिवसाचा चित्रफलक स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला होता: दात घासणं, नाश्ता, विणकाम, जेवण. “बोटीचं चित्र काढून टाकलं आम्ही,” ती म्हणाली. “उगाच आठवण येऊन चिडू नये म्हणून. तूच सांगितलं होतंस ना, चिडायला लावणारी गोष्ट समोर ठेवू नका.”

हेही खरं होतं.

“गजर काढा,” गुन्वोर म्हणाली. “आजच.”

“काढते. पण जिल्ह्याला काय सांगायचं? बोगद्याने माणूस बरा झाला म्हणून?”

“बरा नाही झाला तो. त्याची नोकरी गेली. बाकीच्यांना भाषण मिळालं, घड्याळ मिळालं, दुसऱ्या बोटीवर बदली मिळाली. याला कुणी कळवलंसुद्धा नाही. आणि तो खुर्चीत बसला, तर आपण केक आणला.”

“परिषदेत असं बोलणारेस?”

“हो.”

“परत नाही बोलावणार तुला.”

“त्या तीन घरांत तरी ही योजना नाही लावणार कुणी.”

तूरिदने उठून आलेख टाचण्यांसकट उतरवला आणि कुठे ठेवावा हे न कळून फ्रीजवर ठेवला.

ऑडवार आपल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसला होता. वजन उतरलेलं दिसत होतं. गुन्वोरने त्याला गेल्या महिन्यातही व्हिडिओवर पाहिलं होतं, आणि ‘शांत’ असं लिहिलं होतं.

“ऑडवार, मी गुन्वोर. खाली येतोस? धक्क्यावर?”

तो हलला नाही. दारात स्टाइनार उभा होता. ऑडवारने त्याच्या हातांकडे पाहिलं. स्टाइनारच्याही ते लक्षात आलं. त्याने हात खिशात घातले आणि तो वाटेतून बाजूला झाला.

“जा बाबा,” तो म्हणाला. “मी नाही धरत.”

ऑडवारला उठायला वेळ लागला. जाकीट खुंटीवर होतं. चेन लावताना त्याची बोटं चुकत होती, पण गुन्वोरने मदत केली नाही. मदत कधी करू नये एवढं तिला येत होतं. उघड्या दाराशी तो थांबला, गजर वाजायची वाट पाहिली. वाजला नाही. मग तो उंबऱ्याबाहेर पडला.

धक्का तसाच होता, फक्त लोखंडी फळी नेली होती आणि तिथे साखळी लावली होती. गाड्यांच्या रांगांच्या जागी दोन जर्मन कुटुंबं आपापल्या घरगाड्यांपुढे खुर्च्या टाकून बसली होती. ऑडवारने त्यांच्याकडे नापसंतीने पाहिलं. मग तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि पाण्याकडे बघू लागला.

गुन्वोरने वाटेत वाक्यं जुळवली होती. छोटी, सरळ, एका वेळी एकच गोष्ट सांगणारी.

“बोट बंद झाली, ऑडवार. आता बोगदा आहे. बोट येणार नाही.”

तो ऐकत होता. ऐकताना त्याचे ओठ हलत असत, तसे आत्ता हलत होते.

“मी तुला आधी सांगायला हवं होतं. आम्ही कुणीच सांगितलं नाही.”

त्याने दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं, मग फ्योर्डच्या तोंडाकडे.

“उशीर,” तो म्हणाला.

“उशीर नाही रे. ती—”

“उशीर,” तो पुन्हा म्हणाला, वैतागलेल्या उतारूची समजूत घालावी तसा. मग त्याने तिच्याकडे वळून तळहात पुढे केला, हळू पण ठाम. गुन्वोर धक्क्यावरच्या पिवळ्या पट्ट्याच्या पुढे उभी होती. तिथे उभं राहायचं नसतं.

ती पट्ट्याच्या मागे गेली. त्याने मान हलवली आणि तो पुन्हा पाण्याकडे वळला, खांदे ताठ, उजवा हात तयारीत. गुन्वोर त्याच्या मागे उभी राहिली. आता तिला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं.

बोट मार्चमध्येच विकली गेली होती. एव्हाना ती तुर्कस्तानातल्या एका किनाऱ्यावर भंगारासाठी अर्धी कापून झाली होती.